उशाशी बसणाऱ्यांचा इतिहास

रोगाच्या इतिहासात दोघांचीच नावे येतात : रोग्याचे आणि वैद्याचे. तिसरे जे माणूस रात्रभर उशाशी जागत बसते, त्याची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही. कर्करोगासारख्या महिनोगणती चालणाऱ्या दुखण्यात वेळेवर औषध देणे, जखम धुणे, कूस बदलविणे, घास भरविणे ही सारी कामे ह्या तिसऱ्याकडे येतात. आणि आपल्याकडे ते माणूस म्हणजे बहुधा घरची बायको, सून अथवा लेक असते. कर्करोगावरील उपचारांचा महाराष्ट्रातील इतिहास एकदा तिच्या बाजूने वाचावा, आणि तोही बारामती-इंदापूरच्या उंबऱ्यावर उभे राहून वाचावा, एवढाच आमचा हेतू आहे.

वस्तुतः ह्या इतिहासाचा आरंभच एका आप्ताच्या शोकातून झाला. १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी ह्यांनी पुढल्याच वर्षी आपली बहुतेक सर्व संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली, आणि त्याच वर्षी त्यांचाही देहान्त झाला. त्या निधीच्या साह्याने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. धनवंताचे दुःख लोकांच्या कामी आले, ही गोष्ट वंदनीय खरीच. परंतु ज्याच्यापाशी धन नाही त्याच्या दुःखाची वाट कशी असते?

बारामतीस १९१४ पासून दौंडहून अरुंद रुळांची गाडी येऊ लागली होती. इंदापूर गावास तीही नव्हती, सोलापूरचा रस्ता तेवढा होता. मुंबई तेथून अडीचशे किलोमीटरांच्या आसपास किंवा त्याहून दूर. त्यात किरणोपचाराची रीतच अशी की, रोज थोडी मात्रा, आठवड्यातून पाच दिवस, आणि पुष्कळदा पाच-सहा आठवडे. म्हणजे सोबत जाणाराने महिना-दीड महिना घर सोडावयाचे. मागे कालव्याच्या पाण्याची पाळी, गोठ्यातील जनावरे आणि शाळेतील मुले शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भरवशावर. रोग्यास खाट मिळाली तरी सोबत्याच्या वाट्यास कित्येकदा परळचा पदपथच येई.

ह्या अडचणीस एक उत्तर मिळाले ते वैद्यकाकडून नव्हे, धर्मशाळेच्या परंपरेकडून. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत पंढरीस जाते. दमलेल्यास ओसरी मोकळी करून देणे ह्या मुलखास शिकवावे लागत नाही. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पुढे दादर येथे त्यांच्या मिशनच्या धर्मशाळेत कर्करोगी व त्यांचे नातलग ह्या दोघांसही आसरा मिळू लागला. रोग्याचा नातलग हाही एक यात्रेकरूच आहे, हे येथे मान्य झाले.

१९८२ साली बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय निघाले, तेव्हा इंदापूरकरांस मुंबईहून पुष्कळ जवळचे ठिकाण मिळाले. १९८७ पासून तेथे ग्रामीण कर्करोग्यांची नोंदवही ठेवण्यात येऊ लागली; अशा तऱ्हेची ती भारतातील पहिलीच. रोग्याचे वय, गाव, रोगाचे स्थान ही माहिती त्यामुळे शास्त्रास लाभली. परंतु रोग्याबरोबर जी जागली, तिचे पुढे काय झाले, हे सांगणारी नोंदवही कोठे आहे? आपल्या वाङ्मयातही अशी नोंद विरळाच. रमाबाई रानडे ह्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ ह्या १९१० सालच्या ग्रंथात न्यायमूर्तींच्या अखेरच्या दुखण्याचा वृत्तान्त आहे. तो रोग निराळा होता. उशाशी बसणे मात्र तेच.

ह्या बसण्याची किंमत शरीर मोजते. झोप तुटते, रोग्यास उचलून पाठ धरते, स्वतःचा रक्तदाब वा मधुमेह ‘नंतर पाहू’ म्हणून मागे पडतो. मनास चिंता असतेच, वर आपण कमी पडलो ही टोचणी. अमेरिकेत शुल्ट्झ व बीच ह्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, वृद्ध जोडीदाराची शुश्रूषा करताना ज्यांस ताण जाणवत होता, त्यांचा चार वर्षांतील मृत्यूचा संभव, ज्यांच्यावर असा भार नव्हता त्यांच्याहून ६३ टक्के अधिक होता. तो अभ्यास केवळ कर्करोगाचा नव्हे, आणि आपल्या देशातलाही नव्हे. तथापि त्यातला इशारा आपणांसही लागू आहे.

वैद्यकाच्या ध्यानी हे उशिरा आले. १९६७ साली लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स ह्यांनी सेंट ख्रिस्तोफर ही संस्था काढून मरणोन्मुख रोग्याबरोबर त्याच्या कुटुंबाचीही विचारपूस सुरू केली. मुंबईत वांद्र्यास १९८६ साली शांती आवेदना सदन, आणि पुण्यानजीक वारजे येथे १९९७ साली सिप्ला केंद्र निघाले. वारज्यास नातलगास रोग्याजवळ ठेवून शुश्रूषेची रीत शिकविली जाते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००२ साली परिहारक सेवेची व्याख्या करताना रोग्याच्या जोडीस कुटुंबासही स्थान दिले.

ह्यावर कोणी म्हणेल की, आपल्या माणसाची सेवा हा धर्म. त्यास ओझे म्हणणे शोभत नाही. आम्हांसही तो धर्म मान्य आहे. परंतु धर्म साऱ्या घराचा, आणि जागरण मात्र एकट्या सुनेचे, ही वाटणी कोणत्या शास्त्रातली? बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यास पाळीचा अर्थ सांगावयास नको. नीरा डाव्या कालव्याचे पाणी पाळीने येते म्हणून अनेक रानांस पुरते. शुश्रूषेसही तशीच पाळी लावावी : एक रात्र मुलाने जागावे, एक दिवस भावाने रुग्णालयात बसावे, शेजारणीने एक वेळचा डबा द्यावा, आणि वैद्याने रोग्याची नाडी पाहून झाल्यावर सोबतच्या बाईसही विचारावे, “तुम्ही झोपलात का?” रोगी बरा होवो अथवा न होवो, त्याच्यामागे घर उभे राहावयाचे असेल, तर उशाशी बसणारे माणूस आधी जगले पाहिजे.