‘पो’पासून ‘उतांग ना लोओब’पर्यंत

फिलिपिनो ही फिलिपिन्सची राष्ट्रभाषा तागालोगवर आधारलेली आहे. तिच्यातील नित्याच्या बोलण्यात तेथील कुटुंबव्यवस्थेचे प्रतिबिंब दिसते.

‘पो’ या एकाक्षरी शब्दाला स्वतंत्र अर्थ नाही. मात्र तो वाक्यात आला की बोलणे आदरार्थी होते. समवयस्काला होकार देताना ‘ओओ’ म्हणतात, तर वडीलधाऱ्यांना ‘ओपो’. परक्या दारात उभे राहून ‘ताओ पो’ अशी हाक देतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘माणूस आहे, जी’ असा होतो.

घरी परतलेले मूल ‘मानो पो’ म्हणत आजी-आजोबांचा हात हाती घेते आणि आपल्या कपाळाला लावते. ‘मानो’ म्हणजे स्पॅनिश भाषेत हात. १५६५ पासून १८९८ पर्यंतच्या स्पॅनिश राजवटीची ही खूण. थोरल्या भावासाठीचा ‘कुया’ आणि थोरल्या बहिणीसाठीचा ‘आते’ हे शब्द मात्र चिनी होक्कियन बोलीतून आले. अनोळखी वाहनचालकालाही ‘कुया’ म्हणूनच हाक मारली जाते.

‘कुमाइन का ना?’ म्हणजे ‘जेवलास का?’ हा प्रश्न ख्यालीखुशालीचाच असतो. जेवणाच्या वेळी कोणी आले, तर ‘काइन तायो’ (चला, जेवू या) असे म्हणणे हा शिष्टाचार आहे.

प्रवासाहून येणाऱ्याने घरच्यांसाठी ‘पासालुबोंग’, म्हणजे भेटवस्तू वा खाऊ, आणणे अपेक्षित असते. परदेशी नोकरी करणाऱ्यांमुळे या प्रथेला ‘बालिकबायान’ खोक्याचे रूप आले. ‘बालिक’ म्हणजे परतणे, ‘बायान’ म्हणजे मायदेश. साबण, चॉकलेटे, डबाबंद पदार्थ, कपडे असे महिनोन्महिने साठवलेले सामान या खोक्यातून घरी पोहोचते. पाठवणारा मात्र अनेकदा दूरच राहतो.

या साऱ्यामागे ‘उतांग ना लोओब’, म्हणजेच अंतःकरणाचे ऋण, ही कल्पना आहे. ते पैशात मोजले जात नाही आणि फिटतही नाही. थोरली मुलगी मिळवती झाली की धाकट्यांच्या शिक्षणाचा भार उचलते, तो याच भावनेतून. १९८७ च्या कौटुंबिक कायद्याने तर पालक व मुले यांच्यावर परस्परांच्या निर्वाहाची जबाबदारीही टाकली आहे. तरीही हे ऋण किती पिढ्यांनी फेडायचे, असा प्रश्न तेथील तरुण आता विचारू लागले आहेत. हा प्रश्न आई-वडिलांपुढे मांडतानाही वाक्यात ‘पो’ असतोच.