न नंतर प

मोहाडीला घरी असताना पुतणीसाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तिने टाइप केलेली अक्षरे वर्णमालेत सलग येतात का, एवढेच तो पाही. रीत सर्वांच्या सवयीची: प्रत्येक अक्षराला संगणकात एक क्रमांक असतो, पुढच्यातून मागचा वजा करायचा, १ उरला की अक्षरे सलग. पोरीने 'ध न प फ' लिहिले. उत्तर आले, 'चूक'. मग 'ल ळ' लिहिले, तर 'बरोबर'. "काका, याला मुळाक्षरंच येत नाहीत," म्हणून ती उठून गेली. तिचे खरे होते.

वजाबाकीवरचा हा विश्वास इंग्रजीतून आला. तिथेही तो सार्वत्रिक नाही. १९६४ च्या आयबीएम सिस्टिम/३६० वरील एबसीडिक संकेतात आय-जे आणि आर-एस यांच्यामध्ये खिंडारे आहेत; छिद्रपत्रांच्या मांडणीचा तो वारसा.

आपली कथा अधिक रंजक. युनिकोडमध्ये न २३४४ वर, प २३४६ वर. मधल्या २३४५ वर नुक्ता दिलेला ऩ बसला आहे, तमिळमधल्या दुसऱ्या 'न'साठी. १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेताने ब्राह्मीच्या सगळ्या लेकींना एकच आराखडा दिला, आणि १९९१ च्या युनिकोडने तोच उचलला. म्हणून देवनागरी 'न'मध्ये १२८ मिळवले की बंगाली 'न' मिळतो. लिप्यंतराला केवढी सोय! पण एका घरात सगळ्यांना राहायचे तर पाहुण्यांसाठीही खोल्या लागतात. र (२३५२) आणि ल (२३५४) यांच्यामधला ऱ असाच द्राविडी उच्चारासाठी आला. धानाच्या आमच्या भागात 'पऱ्हे' लिहिताना आम्हीही त्याच्याच आधारावर असतो. ळ मात्र 'ल'च्या शेजारी, २३५५ वर. शाळेच्या तक्त्यावर तो 'ह'नंतर, आणि २००९ च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेतही तिथेच. क्ष आणि ज्ञ यांना तर स्वतंत्र क्रमांकच नाही. क, हलन्ताची खूण आणि ष असे तीन मिळून एक क्ष होतो.

थोडक्यात, मी वर्णमाला तपासत नव्हतो, एका समितीची आसनव्यवस्था तपासत होतो. वजाबाकी काढून टाकली. तक्त्यावरची अक्षरे त्याच क्रमाने यादीत लिहिली, क्ष-ज्ञ अखंड धरले, आणि शेजार त्या यादीत शोधू लागलो. पोरीने 'ह ळ क्ष ज्ञ' लिहून पाहिले, 'बरोबर' वाचले, आणि लगेच विचारले, "मग 'ङ'पासून सुरू होणारा शब्द सांग."