एकटीपुरतं काय रांधायचं?

"एकटीपुरतं काय रांधायचं?" म्हणत चहात पोळी बुडवून जेवण उरकणाऱ्या आजी आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. हे दुखणं अमेरिकेत थेट कायद्यात लिहिलं गेलं. त्याचीच गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

तिथे १९६८पासून ज्येष्ठांच्या सामुदायिक जेवणाचे काही प्रयोग झाले आणि मार्च १९७२मध्ये त्यासाठी कायदा झाला. म्हातारी माणसं नीट का जेवत नाहीत, याची चार कारणं त्यात दिली होती: पैसे नसतात, सकस स्वयंपाक जमत नाही, बाजारापर्यंत चालवत नाही, आणि एकटेपणामुळे रांधून जेवायची इच्छाच मरते.

चौथ्या कारणावर शिधा किंवा पैसे हे औषध नव्हतं. म्हणून एकत्र पंगत ठरली. साठीपुढच्यांना आठवड्यातून किमान ५ दिवस एक गरम जेवण. दिवसभराच्या पोषणाचा निदान तिसरा हिस्सा त्यात हवा. जागा शक्यतो पायी जाण्याजोगी. जोडीदार साठीच्या आतला असला तरी चाले.

आपल्या गावात असं जेवण सुरू करताना आधी डाळ-तांदळाचा हिशेब होतो. आम्हाला वाटतं, आजींच्या शेजारी कोण बसणार, हेही तेव्हाच ठरवावं. घरी डबा पोचवला की पहिली तीन कारणं मिटतात. चौथं तसंच राहतं.