प्रश्नांस सामोरें जाणारें नेतृत्व

थोर स्त्रियांचीं चरित्रें सांगतांना ‘पहिली’ या एका विशेषणापुढें आपली जिज्ञासा सहसा जात नाहीं. पहिली कोण हें कळलें कीं हार घालून आपण मोकळे होतों. तिनें केलें काय, हा प्रश्न तसाच राहतो.

अमेरिकन अंतराळयानाचें नायकत्व 1999 सालीं ज्या स्त्रीकडे प्रथम आलें, त्या आयलीन कॉलिन्स यांचेंच उदाहरण घ्या. त्यांची खरी कसोटी 2005 च्या जुलैंत लागली. 2003 च्या फेब्रुवारींत ‘कोलंबिया’ यान परततांना भंगलें व कल्पना चावला यांच्यासह सात जणांचा अंत झाला. उड्डाणाच्या वेळीं पंखास झालेली इजा यान अंतराळांत असतां कोणींही प्रत्यक्ष पाहून तपासली नव्हती. त्या अपघातानंतर उडालेल्या पहिल्या यानाच्या, ‘डिस्कव्हरी’च्या, कॉलिन्स नायिका होत्या. अंतराळस्थानकाखालीं सुमारें 600 फुटांवर त्यांनीं तें सावकाश उलटें फिरविलें. हेतु हा कीं, स्थानकांतील मंडळींनीं त्याच्या पोटाचीं छायाचित्रें घ्यावींत आणि दोष असल्यास तो उघड व्हावा. आपली दुबळी बाजू दुसऱ्याच्या नजरेपुढें धरणें हें येथें नायकाचें कर्तव्य ठरलें.

आम्ही कामतघरीं राहतों. यंत्रमागांच्या या वस्तींतून निघून उल्हास नदी ओलांडली कीं कल्याण लागतें. तेथेंच 1865 सालीं आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. त्या वैद्यक शिकण्यास अमेरिकेस जाणार हें कळतांच आक्षेपांचा भडिमार झाला. गुपचूप निघून जाणें सोपें होतें. परंतु 1883 च्या फेब्रुवारींत बंगालमधील श्रीरामपूर येथें भरसभेंत उभें राहून त्यांनीं एकेक आक्षेप स्वतःच मांडला व त्याचें उत्तर दिलें. वयास अठरावें वर्षही पुरें झालें नव्हतें.

एप्रिलमध्यें त्या निघाल्या. 1886 च्या मार्चमध्यें पेनसिल्व्हानियांतील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली. आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील नेमणूक मिळाली होती, परंतु तें काम हातून घडलें नाहीं.

मग त्यांस पुढारी म्हणावें काय? अनुयायी मोजावयाचे तर नाहीं. शुक्र ग्रहावरील एका विवरास त्यांचें नांव आहे. तो मान मोठा खरा, पण श्रीरामपूरची ती सभा आम्हांस त्याहून मोठी वाटते. वर्गांत आम्ही मुलींस ‘पहिली हो’ असें वर्षानुवर्षें सांगत आलों. ‘प्रश्नांपुढें उभी राहा’ असें सांगावयास हवें होतें. आणि तें आम्हां शिक्षकांनींच, त्यांच्या प्रश्नांपुढें उभें राहून, आधीं करून दाखवावयास हवें होतें.