हिरड्याची साल : आलापल्ली ते चीन

आलापल्लीच्या रानात बाया-माणसं हिरडा वेचतात, वाळवतात, फोडतात. बी टाकायची, साल ठेवायची. पोट साफ नसलं की म्हातारी माणसं चिमूटभर पूड कोमट पाण्यासोबत देत. शिकलेले लोक याला अडाण्यांचा इलाज म्हणून हसतात. पण बंधू-भगिनींनो, इतिहास काय सांगतो?

विनयपिटकातील महावग्गात 'भेसज्जक्खन्धक' हा भाग आहे. आजारी भिक्खूंसाठी भगवान बुद्धांनी जी फळे औषध म्हणून घेऊ दिली, त्यांत हिरडा, बेहडा, आवळा आहेत. इ.स. ६७१ मध्ये चीनहून निघालेला भिक्खू इ-त्सिंग नालंदेत शिकून ६९५ मध्ये परतला. हिरड्याची साल, सुंठ आणि साखर सारख्या भागांत घेऊन गोळ्या कराव्यात, असे त्याने लिहून ठेवले. औषध साधे आणि सहज मिळणारे, म्हणून त्याला ते मोलाचे वाटले. चिनी वैद्यकात आजही हिरडा आहे. तिथे वाळवलेली संत्र्याची साल पचनासाठी, तर डाळिंबाची जुलाबावर देतात.

दुखणे मोठे असेल तर दवाखाना गाठावाच. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर आपली मालकी मानली आहे. साल पोत्यात भरून विकताना तिच्यासोबतचं ज्ञानही आपलंच आहे, हे विसरून चालणार नाही.