जलक्रीडा उद्यान, हंगामी

घसरगुंड्या व उथळ तलाव असलेले सशुल्क मनोरंजनस्थळ. अमेरिकेतील ऑर्लँडो येथे १९७७ मध्ये जॉर्ज मिले यांनी उभारलेले ‘वेट एन वाइल्ड’ हे आधुनिक प्रकारातील आद्य उद्यान मानतात. मुंबईत गोराई येथे ‘वॉटर किंगडम’ १९९८ मध्ये सुरू झाले. हंगामी उद्याने मात्र फुगवून उभारतात; त्यांत पीव्हीसीचा लेप दिलेल्या कापडाच्या घसरगुंड्या हवेने फुगवतात. हंगाम संपताच त्या वाळवून गुंडाळून ठेवता येतात. घाटंजीसारख्या विदर्भातील गावी पावसाळ्यापूर्वीचे उन्हाळी सुटीचे दिवस हाच अशा व्यवसायाचा हंगाम. पाणीटंचाईचा काळही तोच. त्यामुळे पाणी गाळून व क्लोरीन घालून पुन्हा वापरणे, तसेच सुरक्षिततेसाठी वादळी वाऱ्यात घसरगुंड्या बंद ठेवणे आणि प्रशिक्षित जीवरक्षक नेमणे अत्यावश्यक ठरते.