सोळावे सरले की सोळावे चालू?

साहित्याच्या अभ्यासकास सरकारी नोकरीच्या परीक्षेशी काय कर्तव्य, असे कुणी विचारल्यास आम्ही १८५४ सालच्या गुणांच्या एका तक्त्याकडे बोट दाखवू. १८५३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या संचालकांचा वशिला मोडीत निघाला. तोवर भाच्यापुतण्यांची वर्णी हेलबरी कॉलेजमार्गे हिंदुस्थानात लागत असे. आता सर्वांसाठी एकच स्पर्धा परीक्षा घ्यायची असे ठरले आणि तिचा आराखडा मेकॉलेच्या समितीकडे आला. ऑक्सफर्डचे ग्रीक पंडित बेंजामिन जॉवेट या समितीचे एक सभासद होते.

समितीने सुचविलेला तक्ता असा : इंग्रजी भाषा, वाङ्मय व इतिहास मिळून १५००, गणित १०००, ग्रीक व लॅटिन प्रत्येकी ७५०, संस्कृत व अरबी प्रत्येकी ३७५. फ्रेंच, जर्मन, इटालियन यांनाही ३७५ च. एकूण गुण ६८७५. ज्या देशावर राज्य करावयास जायचे त्या देशाच्या अभिजात भाषेचे मोल ग्रीकच्या निम्मे आणि इटालियनच्या बरोबरीचे! मराठी, बंगाली, तमिळ या तक्त्यात कुठेच नाहीत; त्या निवड झाल्यावर शिकायच्या होत्या. आधी उत्तम सुशिक्षित इंग्रज निवडावा, हिंदुस्थान त्याला मागाहून शिकवावा, असा समितीचा युक्तिवाद होता. तो निव्वळ कावा होता असे आम्हांस वाटत नाही. मात्र सुशिक्षित कुणास म्हणावे याचे उत्तर त्या आकड्यांनी आधीच देऊन ठेवले होते. गंमत अशी, की इंग्रजी वाङ्मयाला इथे सर्वाधिक वजन मिळाले तेव्हा खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम नव्हता. तो १८९४ मध्ये आला. आमचा विषय वर्गात प्रतिष्ठित होण्यापूर्वी नोकरीच्या परीक्षेत प्रतिष्ठित झाला, हे ऋण मान्य करायला हवे. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजी वाङ्मयशिक्षण व साम्राज्य यांचे नाते तपासले आहे, त्यालाही हा तक्ता जोडून वाचावा.

पहिली परीक्षा १८५५ मध्ये लंडनला झाली. कागदोपत्री ती सर्वांस खुली होती, पण समुद्र ओलांडण्याचा खर्च, प्रायश्चित्ताचे भय आणि वयाची अट यांतून जो पार पडेल त्यालाच. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर यशस्वी झालेले पहिले हिंदी उमेदवार. त्यांची पुढची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. तक्त्यात नसलेली मराठी त्यांना अशी भेटली.

खरी कहाणी १८६९ ची. त्या साली चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. पैकी शेवटच्या दोघांची नावे वयाच्या कारणाने गाळण्यात आली. कमाल मर्यादा एकवीस वर्षांची होती. सुरेंद्रनाथांनी कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी आपले वय सोळा लिहिले होते. आयुक्तांनी हिशेब केला आणि मुलगा एकविशीपार गेला असे ठरविले. वस्तुतः त्यांचा जन्म नोव्हेंबर १८४८ चा. सोळा म्हणजे सोळावे चालू!

मराठी वाचकाला हा घोटाळा समजावून सांगण्याची गरजच नाही. आपल्या घरातली वडील मंडळी ‘पोराला सोळावं लागलं’ असे म्हणत आणि त्याच अर्थाने शाळेच्या दप्तरात ‘सोळा’ लिहून येत. चालू वर्ष मोजणारी एक भाषा आणि पुरे झालेले वर्ष मोजणारी दुसरी. ‘सरले’ व ‘चालू’ हा भेद आपल्याकडे क्रियापदात राहतो, नुसत्या आकड्यात तो मावत नाही. अर्जाच्या रकान्यात मात्र जागा आकड्यापुरतीच असते. दोन तरुणांची अप्रामाणिक म्हणून संभावना झाली ती या भाषांतराच्या चुकीपायी. सुरेंद्रनाथ लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात गेले. अखेर त्यांना व ठाकुरांनाही परत घेण्यात आले.

पुढचे ठाऊकच आहे. १८७४ मध्ये सुरेंद्रनाथांना नोकरीतून काढण्यात आले. पुढे वयोमर्यादा एकोणीसवर आणण्याचे ठरले तेव्हा, १८७७ पासून, त्याविरुद्ध देशभर फिरून सभा घेणारा वक्ता हाच. एकोणिसाव्या वर्षी लंडनला जाऊन ग्रीक-लॅटिनवाल्यांशी टक्कर द्यायची म्हणजे हिंदी मुलाला दार बंदच. लंडन व हिंदुस्थान दोन्हीकडे एकाच वेळी परीक्षा घ्या, ही मागणी काँग्रेसने १८८५ च्या मुंबईच्या पहिल्या अधिवेशनातच केली. १८९३ मध्ये ब्रिटिश लोकसभेने तसा ठरावही संमत केला. सरकारने तो बासनात ठेवला. अलाहाबादेत परीक्षा व्हायला १९२२ उजाडले. चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये पहिले आले, तेही लंडनलाच.

मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा तर त्याहून उशिराची. कोठारी समितीच्या शिफारशीनंतर १९७९ पासून केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत आठव्या परिशिष्टातील भाषा आल्या. मेकॉलेच्या तक्त्यापासून मोजल्यास सव्वाशे वर्षे होतात.

सुरेंद्रनाथांनी आपली बाजू १९२५ च्या इंग्रजी आत्मचरित्रात लिहून ठेवली. श्रीपाद बाबाजी आम्हांस भेटले ते तिथेच, एका बंगाली माणसाच्या इंग्रजी पुस्तकात.